नसलेल्या मजल्यावरचा मुलगा

आमच्या शाळेच्या ऑफिसात त्या सिनेमावरून दोन पक्ष पडले होते. मी जळगावात एका शाळेत क्लार्क आहे. निवडणुका आल्या, गेल्या, मुख्याध्यापक बदलले, पण एवढी तोंडातोंडी मी त्या ऑफिसात कधी ऐकली नव्हती. सिनेमाचं नाव सांगत नाही. नाव काढलं की पुन्हा सुरू होतं.

गोष्ट म्हटली तर पोरकट. एका मोठ्या शहरात एक पोरगा लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करतो. एक दिवस तो लिफ्टमध्ये असताना लिफ्ट शेवटच्या मजल्याच्याही वर जाते. बिल्डिंगीला तो मजलाच नाही. दार उघडतं तर तिथं एक अख्खं गाव, निळ्या शेळ्या, झाडांना लागलेली पत्रं, स्कूटरवरून फिरणारी म्हातारी राणी, आणि घड्याळात कायम दुपारचे चार. पोरगा रोज वर जायला लागतो. खाली त्याची आई रोज डबा भरून देते. शेवटी एक दिवस तो लिफ्टने वर जातो आणि खाली येतच नाही. ते वरचं बटणही नाहीसं होतं. मध्येच क्षणभर एक ॲम्ब्युलन्स दिसते. आई लिफ्टपाशी उभी राहते. झालं, संपला सिनेमा. पोरगा मेला की वर राहतो, ते सांगितलेलंच नाही.

आता यात भांडण्यासारखं काय आहे? पण चित्रकलेचे सर म्हणायचे, असा सिनेमा दहा वर्षांत आला नाही, आणि गणिताच्या बाई म्हणायच्या, नुसता खुळचटपणा, शेवट ठरवता आला नाही म्हणून सोडून दिला. मला विचारलं तर मी म्हणायचे, मी पाहिला नाही. मी पाहिला नव्हता, आणि मला पाहायचाही नव्हता. न सांगता निघून गेलेल्या पोराची गोष्ट मला तिकीट काढून पाहायची गरज नव्हती.

माझा धाकटा भाऊ बारा वर्षांपूर्वी घरातून गेला. आम्ही धुळ्याचे. जामनेरला मित्राचं लग्न आहे, उद्या येतो, असं सांगून सकाळी निघाला, सव्वीस वर्षांचा होता. जामनेरला कुणाचंच लग्न नव्हतं. पोलिसात दिलं, पेपरात फोटो दिला, मोठा भाऊ सुरतेपासून नागपूरपर्यंत हिंडून आला. आईने मुक्ताईनगरला जाऊन नवस बोलला. काही झालं नाही. सहा वर्षांनी आबा गेले, आमचे वडील. तेव्हाही तो आला नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काय केलं ते नीट कळेल. चार वर्षांपूर्वी, परीक्षेचे दिवस होते, मी हॉलतिकिटं लावत बसले होते आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून आमच्या अहिराणीत आवाज आला, "अक्का, मी शे." मला अक्का म्हणणारा एकच होता. मी उठून जिन्याखाली गेले. तो म्हणाला, बरा शे, लगीन व्हयनं, एक पोर शे. मी म्हटलं, आबा गेले. मग म्हणाला, "आते कोनतं तोंड लई येऊ?" मी म्हटलं, आहे तेच तोंड घेऊन ये मेल्या, आई अजून वाट बघते. तर म्हणाला, "कोनले सांगू नको. तुले मन्ही आन शे." फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी त्या नंबरवर लावला तर कुणीतरी दुकानदार हिंदीत खेकसला, इथून दिवसभर शंभर लोक फोन लावतात, आम्हाला काय माहीत.

मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. पहिल्यांदा त्याने आण घातली म्हणून. मग राग आला म्हणून. आबांना खांदा द्यायला नाहीस तू, आणि माझ्या गळ्यात हे घालून मोकळा? मग वर्ष गेलं, दोन गेली, आणि आता सांगायचं तर आधी का नाही सांगितलं, हे सांगावं लागलं असतं. त्या फोनपासून माझं काहीतरी झालं. रडू येत नाही, हसू येतं ते वरवरचं. जेवते, झोपते, कामं करते. आम्ही राहतो त्या पिंपराळ्यातल्या शेजारणी म्हणतात, तुमचं बाई किती शांत असतं सगळं. म्हणू देत.

तर गेल्या आखाजीला मी धुळ्याला गेले. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. दिवाळीला एक वेळ लेक आली नाही तर चालतं, आखाजीला माहेरी यायचंच. झोके, आमरस, खापरावरचे मांडे. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरायची. नवी मातीची घागर, खाली गहू, वर डांगर म्हणजे खरबूज, आणि गोड सांजोरी. ज्याची घागर भरली तो पितरांत गेला. उन्हाळ्यात त्याला तहान लागू नये, एवढंच त्यामागे. आमच्याकडे घरातला प्रत्येकजण नाव घेऊन एकेक तांब्या त्यात ओततो.

आमच्या घरी एकच घागर असते, आबांची. मोठा भाऊ तीन-चार वर्षांपासून आईच्या मागे लागला होता की धाकट्याचं काय ते करून टाकू. यंदा तर म्हणाला, बारा वर्षं झाली की विधी करता येतो, भटजींनी सांगितलंय. भाऊ वाईट नाही. शोधायला तोच वणवण फिरला होता. कुठेही बेवारस प्रेत सापडलं की पोलीस त्यालाच बोलवायचे. असली किती तोंडं त्याने बघितली असतील, तो कधी सांगत नाही. पण आई ऐकायची नाही. आखाजीच्या दोन दिवस आधी ती स्वतः कुंभाराकडे जायची, पंच्याहत्तरीची बाई, डोक्यावर पदर घेऊन, उन्हातून. भावाने दोन आणू नयेत म्हणून. कुंभार विचारायचा, किती? आई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची, एकच. यंदाही ती एकच घेऊन आलेली होती.

आदल्या दिवशी दुपारी भाची म्हणाली, चला, सिनेमाला जाऊ. भावाची पोरगी, कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. ऊन असं की कूलरसुद्धा गरम वारा फेकत होता. तिकडे एसी आहे म्हटल्यावर आई लगेच तयार झाली, भाऊही निघाला. कुठला सिनेमा, हे मी विचारलं तोवर तिकिटं काढून झाली होती. तोच होता. मला म्हणता आलं असतं, मी वहिनीबरोबर थांबते, पुरण वाटायचंय. पण म्हटलं नाही. गेले.

आई सिनेमाभर बोलत होती. "माय वं, निळी बकरी!" "ती डोकरी पडी जाई ना गाडीवरून!" मागचे लोक शुक् शुक् करत होते आणि भाची लाजेने खुर्चीत खाली खाली सरकत होती. मध्यंतरानंतर आई गप्प झाली. पोराची आई डबा भरत होती तेव्हा आमची आई पुढे वाकून बघत होती. शेवटी लिफ्टचं दार उघडतं आणि आत फक्त डबा असतो, रिकामा, घासून पुसलेला. ती बाई तो डबा उचलून छातीशी धरते. तिथेच संपतो. दिवे लागले तर अर्धी माणसं टाळ्या वाजवत होती आणि अर्धी शिव्या देत होती. आमच्या पुढच्या रांगेतला एकजण बायकोला म्हणाला, पैसे गेले पाण्यात. मला काहीच वाटलं नाही. पाय आखडले होते तेवढं कळलं.

घरी येऊन बसलो. वहिनीने पन्हं दिलं. भाऊ तिकडूनच तापून आला होता. म्हणाला, "सरळ सांगायचं ना, मेला म्हणून! लिफ्ट तुटली, मेला. ॲम्ब्युलन्स दाखवली की. मग ती शेळ्या-बिळ्यांची नाटकं कशाला?"

भाची उसळली. "पप्पा, तुम्हाला काहीच कळलं नाही. डबा रिकामा आला ना शेवटी? धुतलेला? म्हणजे तो जेवला. मेलेला माणूस डबा धुऊन पाठवतो का?"

"ते त्या बाईच्या मनातलं दाखवलंय."

"कशावरून?"

"मेलेल्याच्या आया असंच करतात," भाऊ म्हणाला. ग्लासातलं पन्हं हलवत राहिला. आम्ही कुणी आईकडे बघितलं नाही.

आई मात्र भाचीच्या बाजूने सरसावली. खूश दिसत होती. म्हणाली, बरोबर बोलते पोरगी, डबा धुतलेला होता, मी नीट पाहिलं, कडेला एक शीत नव्हतं. जेवला तर मग तो पोटभर! आणि भावाला म्हणाली, "तुले बठ्ठा मरेलच दिसतस." सगळे मेलेलेच दिसतात म्हटल्यावर भावाने ग्लास तोंडाला लावला.

मग आईने विचारलं, "जित्ता शे, त मंग तो खाले काबर ऊना नही?"

भाची म्हणाली, "त्याला यायचंच नाही ना आजी. तीच तर गंमत आहे सिनेमाची. तिकडे तो खूश आहे. त्याला त्याचं स्वतःचं काहीतरी मिळालंय. प्रत्येकाने परत यायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

"त्याले माहीत शे ना, माय खाले उभी शे?"

"माहितीये. डबा नाही का पाठवत? माहितीये, तरी नाही येत."

पोरगी अठरा वर्षांची. तिला काका धड आठवतही नाही. ती सिनेमाबद्दल बोलत होती, मन लावून बोलत होती, आणि तिच्या आजीच्या तोंडावरचं हसू कसं उतरत गेलं, ते तिला दिसलं नाही. मला दिसलं. मी बघत बसले. शेजारच्या घरातलं काही बघत असावं तशी.

आईने हातातला ग्लास खाली ठेवला. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मंग मेला तो."

"आजी, पण आत्ताच तर तू म्हणालीस..."

"मेला. जित्ता ऱ्हाता त ऊना ऱ्हाता. माय उभी शे हे माहीत ऱ्हाईसन कोनी येत नही का? एवढा नालायक नही तो."

तेव्हा कुठे पोरीच्या ध्यानात आलं. म्हणाली, "आजी, मी सिनेमाचं बोलत होते गं."

"मी बी सिनेमानंच बोलस," आई म्हणाली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पुरणाचे हात घेऊन उभी होती. आई भावाकडे वळली आणि बाजारातून कोथिंबीर आण म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "कुंभारकडे जाय. आखो एक घागर लई ये."

भाऊ चार वर्षं ज्याच्यासाठी डोकं फोडत होता ते त्याला मिळालं, आणि त्याला उठवेना. म्हणाला, आई, आधी विधी करावा लागतो, दर्भाचा पुतळा करून जाळावा लागतो, मग घागर. पुढच्या वर्षी बघू ना. आई म्हणाली, विधीचं तू तुझं बघ, घागर उद्या भरायची. तो उठला, चप्पल शोधायला लागला. चप्पल समोरच होती.

त्या वेळी माझ्या जिभेवर आलं होतं. एवढंच तर म्हणायचं होतं, थांब भाऊ, तो आहे, त्याला एक पोर आहे. भाऊ उंबऱ्यात होता. आई दोन्ही हात जमिनीवर टेकून बसली होती. मी तोंड उघडलं आणि वहिनीला विचारलं, सांजोऱ्या किती करायच्या.

लोक म्हणतील, आईचं मन राखलं. मी पण नंतर स्वतःला तसंच समजावलं. की बाई आत्ताच म्हणाली, जिवंत असून येत नाही असा नालायक माझा पोरगा नाही. तिला काय सांगायचं, की आहे, तसाच आहे? की मेलेला पोरगा तिला पदरात घेता येईल, हा नाही घेता येणार? हे सगळं खरं असेल. पण हे मला रात्री सुचलं. त्या क्षणाला मला फक्त एवढंच दिसलं की मी सांगितलं तर सगळे माझ्याकडे वळतील आणि विचारतील, चार वर्षं? मी माझी कातडी वाचवली. एवढं सांगूनही मला काही शरम वाटली असं म्हणवत नाही. रात्री झोपही चांगली लागली.

सकाळी दोन घागरी मांडल्या. खाली गहू, वर डांगर. गोवरीच्या निखाऱ्यावर भावाने तुपाचा घास टाकला. आधी आबांची घागर झाली, एकेक तांब्या सगळ्यांनी ओतला. मग दुसरी. भावाने धाकट्याचं नाव घेतलं. त्या घरात ते नाव मोठ्याने घेतलेलं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "तो" म्हणायचे सगळे. भावाने तांब्या ओतला आणि तो सरळ मागच्या अंगणात निघून गेला. वहिनीने ओतला. भाची हुंदके देत होती, अर्धं पाणी गव्हावर सांडलं. तिला वाटत होतं सगळं तिच्यामुळे झालं. तिला जवळ घ्यायला हवं होतं. नाही घेतलं.

मग मी तांब्या उचलला. आईने माझं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "तू काल काहीच बोलनी नही. बठ्ठा बोलनात, तू नही बोलनी. तुन्हावर त्याना जीव व्हता. तुले काय वाटस?"

मी म्हटलं, "कशाचं?"

"गया ना तो?"

तिचा हात घट्ट होता. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला कळत होतं की मी नुसती नाही म्हणून मान हलवली, नुसती थांबले, तरी ती तांब्या काढून घेईल, घागर उचलून फोडून टाकेल, आणि परत दारात जाऊन बसेल. आणखी बारा वर्षं. तेवढी वर्षं तिच्याकडे नव्हती. आणि तो येणार नव्हता. हे फक्त मला माहीत होतं.

"गया, माय," मी म्हटलं आणि पाणी ओतलं.

तिने मनगट सोडलं. शेवटचा तांब्या तिचा होता. तो तिने दोन्ही हातांनी धरला, आणि ओतायला वाकली ती तशीच खाली बसली. बारा वर्षांत आई कधी रडली नव्हती, आबांच्या वेळी पण नाही. आता रडायला लागली. कपाळ घागरीला टेकवून ती आत बोलत होती, जणू तिथं कुणी बसलेलं आहे.

"बारा वरीस तुले पाणी दिधं नही रे मी. माले उशीर व्हयना रे पोऱ्या. माले माफ कर, माले उशीर व्हयना."

वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, बरं झालं, एकदाच्या रडल्या. मी आईच्या शेजारी बसले आणि तिची पाठ चोळत राहिले.